कलमावर कोण कोणाच्या जिवावर: आंब्याच्या बागेतली नाती तपासायची रीत

मोहोर फुटायला लागला की बागेत पहिली चर्चा फवारणीची. कुठलं औषध, किती मिली, कितवी फवारणी. त्याच्या आधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो: या कलमावर आत्ता राहतंय कोण, आणि कोण कोणाच्या जिवावर? तुडतुडा मोहोराचा रस पितो, त्याने टाकलेल्या गोड चिकट स्रावावर, म्हणजे खारीवर, काजळी ही काळी बुरशी वाढते. पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. ज्या माश्यांमुळे फळ धरतं त्यांनाच मुंग्या मोहोरावरून हुसकावतात. बांडगुळाचं बी फुलटोच्या पक्षी फांदीवर चिकटवून जातो. ही नाती डोळ्यांनी आणि साध्या साधनांनी तपासता येतात. एका हंगामात नीट तपासली, तर कुठली फवारणी खरंच लागते आणि कुठली आपल्याच राखणदारांना मारते, ते आपल्या बागेपुरतं कळतं.

पद्धत एकच: एकाला बाजूला करायचं आणि बाकीच्यांचं काय होतं ते मोजायचं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढून टाकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे ज्या शिंपल्यांना खात, त्या शिंपल्यांनी मग सगळी जागा बळकावली आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. खाणारा काढल्यावर जाती वाढतील असं वाटतं, झालं उलटं. बागेत आपल्याला तारामासे नाहीत, मुंग्या आहेत. फांदीला गुंडाळलेली ग्रीसची पट्टी मुंग्यांना बाजूला करून हाच प्रयोग करते.

साहित्य आणि झाडांची निवड

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पांढरं पसरट ताट (स्टीलचं चमकतं, त्यावर तुडतुड्यांची पिल्लं दिसत नाहीत, एनामलचं किंवा पांढऱ्या प्लास्टिकचं घ्या), तीन रंगांची लोकर, मच्छरदाणीचं कापड, २२ गेजची तार, दोन इंची कागदी चिकटपट्टी, ग्रीसचा छोटा डबा आणि झाकणाच्या चार-पाच पारदर्शक बाटल्या. एवढ्यात भागतं.

कलमं सहा निवडा. दोन गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची), ज्यांच्या पलीकडे रान किंवा राई आहे. दोन बागेच्या मध्यातली. दोन घर-गोठ्याजवळची. सहाही साधारण एका वयाची आणि मुख्य म्हणजे एका अवस्थेतली हवीत. ऑक्टोबरच्या उष्म्यात ज्याला पालवी फुटली ते कलम आणि ज्याची जून पानं तशीच राहिली ते कलम, यांची तुलना करू नका. तुडतुडे अंडी घालतात ती कोवळ्या पानांच्या शिरेत आणि मोहोराच्या दांड्यात. पालवीवाल्या कलमावर तुडतुडे जास्त दिसले, तर ते पालवीमुळे की शेजारच्या रानामुळे हे मग सांगता येत नाही.

प्रत्येक कलमावर चारही दिशांना तीन-तीन मोहोर लोकरीने खुणावून ठेवा. पांढरी लोकर म्हणजे मोकळा, लाल म्हणजे जाळीतला, निळी म्हणजे राखीव. राखीव मोहोर लागतोच: एखादा वाऱ्याने मोडतो, एखादा खार कुरतडते. दांड्याला लोकर सैल बांधा, कारण फळ धरल्यावर दांडा जाड होतो आणि घट्ट गाठ त्यात रुतते.

वहीत चार रकाने पाडा: कोण, कोणाबरोबर, काय करताना दिसला, आणि तिथे तिसरा कोण होता. पहिल्या दोघांच्या नावापुढे फायदा असेल तर अधिक, तोटा असेल तर उणे, काहीच नसेल तर शून्य. दोघांना अधिक म्हणजे परस्परोपकार. एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे म्हणजे भक्षण किंवा परजीवन. अधिक आणि शून्य म्हणजे सहभोजन. दोघांना उणे म्हणजे स्पर्धा. एवढी वर्गवारी पुरे. खरा कस लागतो तो चौथ्या रकान्यात. मुंगी सुरवंट नेताना दिसली तर ती झाडाच्या बाजूची, पिठ्या ढेकणाजवळ बसलेली दिसली तर झाडाच्या विरुद्ध. मुंगी तीच असते, तिच्या समोर कोण आहे त्यावरून खूण बदलते. म्हणून ‘मित्रकीटक’ आणि ‘शत्रुकीटक’ अशी दोन पानं करून त्यात नावं भरू नका. ती यादी पहिल्याच आठवड्यात मोडते.

तुडतुडे, खार आणि काजळी

तुडतुडे वाढलेल्या कलमाखाली गेलं आणि फांदीला हात लावला, की पानापानांवर टपटप आवाज होतो. मोजणी मात्र आवाजावरून करायची नाही. सकाळी उन्हं चढण्याआधी, कीटक गारठ्याने मंद असताना, मोहोराखाली पांढरं ताट धरा आणि दांड्याला बोटाने तीन टिचक्या मारा. ताटात पडलेले पंखवाले आणि बिनपंखाची पिल्लं वेगवेगळी मोजा. पंखवाले शेजारच्या बागेतून उडूनही येतात. पिल्लं मात्र त्याच मोहोरावर जन्मलेली असतात. पिल्लांचा आकडा वाढतोय का, यावरून निर्णय घ्या. दर आठवड्याला त्याच मोहोरांवर, त्याच वेळी मोजायचं. दुपारी बाराला मोजलेला आकडा सकाळी सातच्या आकड्याशी जुळवू नका. ऊन तापल्यावर पंखवाले ताट लावेपर्यंत उडून गेलेले असतात.

तुडतुड्यांची खार पानावर पडली की चिकट चमक येते आणि आठ-पंधरा दिवसांत तिच्यावर काजळी धरते. ही बुरशी झाडातून काही घेत नाही. ती खारीतल्या साखरेवर जगते, पण पानावर काळा पडदा धरून ऊन अडवते. वहीत लिहिताना काजळी आणि तुडतुडा यांचं नातं सहभोजनाचं (काजळीला अधिक, तुडतुड्याला शून्य), काजळी आणि कलम यांचं मात्र उणे. खात्री करायची असेल तर अंगठा पाण्यात बुडवून पानावर घासा. काळा थर निघून खाली हिरवंगार पान दिसलं तर काजळी. डाग तसाच राहिला, पानाचा भाग तपकिरी पडून सुकलेला असला तर तो करपा, आणि करपा खरोखर पानात घुसलेला असतो. दोन्हींवरचा उपाय वेगळा. काजळीवर बुरशीनाशक मारून उपयोग नाही, कारण वरून तुडतुडे चालूच असतील तर आठवड्यात नवी खार आणि नवी काजळी. तुडतुडे आवरल्यावर स्टार्चचं पातळ द्रावण (शंभर लिटर पाण्यात दोन किलो) फवारलं, तर ते उन्हात सुकून पापुद्र्याने निघतं आणि काजळी सोबत घेऊन जातं.

आता बुरशीनाशकाची दुसरी बाजू. दमट दिवसांत, ढगाळ हवा टिकली की, काही तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला चिकटून मेलेले दिसतात आणि त्यांच्या अंगावर पांढरा किंवा हिरवट भुरा येतो. ही तुडतुड्यांना मारणारी बुरशी. मोहोरावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं बुरशीनाशक हिलाही मारतं. भुरी मोहोराची खरी नासाडी करत असेल तर फवारावंच लागतं, त्यात वाद नाही. पण फवारणीनंतर पंधरा दिवसांत तुडतुड्यांची पिल्लं अचानक वाढली, तर ‘औषध बोगस होतं’ म्हणण्याआधी पानं उलटून बघा: आधी भुऱ्याने मेलेले तुडतुडे होते आणि आता एकही नाही, असं तर झालं नाही ना? यासाठी फवारणीच्या आधीची नोंद हातात हवी.

मुंग्या: ग्रीसची पट्टी

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बसलेल्या दोन फांद्या एकाच कलमावर शोधा; जाडी, दिशा आणि किडीची संख्या जवळपास सारखी. दोन्हींच्या बुंध्याकडच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पहिल्या फांदीवर त्या पट्टीवर पूर्ण गोलाकार ग्रीस फासा. दुसऱ्या फांदीवर ग्रीस फक्त अर्ध्या गोलाला, म्हणजे मुंग्यांना वाट राहील. अर्धी पट्टी कशासाठी, असं वाटेल. ग्रीसचा वास, चिकटपट्टीचा दाब, आपण फांदीला केलेली हाताळणी, हे सगळं दोन्हीकडे सारखं असावं म्हणून. फरक फक्त मुंग्यांचा राहायला हवा.

ग्रीस सालीवर थेट कधीच फासू नका, कोवळी साल मरते. पट्टीच्या पलीकडची पानं दुसऱ्या फांदीला टेकत असतील तर ती छाटा. एक पान टेकलं तरी त्यावरून मुंग्यांची रांग सुरू होते. कोकणात या प्रयोगाचा घात बहुतेक वेळा तांबडी धूळ करते. रस्त्याकडेच्या कलमावर चार दिवसांत ग्रीसवर धुळीची साय धरते आणि मुंग्या तिच्यावरून निवांत चालत जातात. दर आठ दिवसांनी पट्टीसकट ग्रीस बदला.

सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी दोन्ही फांद्यांवरचे ढेकूण मोजा, आणि त्यांच्यात वावरणारे बाकीचे कीटकही. मुंग्या बंद झालेल्या फांदीवर सहसा कीड खाणाऱ्या ढालकिड्यांच्या आणि क्रायसोपा या हिरव्या कीटकाच्या अळ्या दिसू लागतात. मुंग्या असताना त्यांना हुसकावलं जातं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. क्रिप्टोलेमस हा ढालकिडा मूळ ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये खवले किडीसाठी भारतात आणलेला. याची अळी पिठ्या ढेकणालाच खाते, पण तिच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे तंतू असतात. लांबून बघणारा तिला मोठा ढेकूण समजतो आणि चिरडतो. भिंगातून बघा: ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही आणि त्याचं मेण पिठासारखं चिकटलेलं असतं. अळीचे तंतू लांब, झुपकेदार आणि विस्कटलेले असतात. काडीने डिवचली की ती भराभर चालायला लागते. उलटी केली तर सहा पाय स्पष्ट दिसतात. मोजणी करणारा नवा असेल तर त्याला आधी हे दोन्ही बाटलीत घालून शेजारी शेजारी दाखवा, नाहीतर आकडेच उलटे येतील.

तांबड्या मुंग्या पोसायच्या की पाडायच्या

पानं जोडून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, दक्षिण कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, यांच्यावरून बागायतदारांत दोन तट असतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. या मुंग्या सुरवंट, तुडतुडे, पानं खाणारे भुंगे उचलतात. फळमाशीला फळावर टेकू देत नाहीत. चीनमध्ये संत्रावर्गीय बागांत त्या मुद्दाम सोडत असल्याची नोंद इ.स. ३०४ च्या सुमाराची आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या आंबा बागांतही त्या वापरून पाहिल्या गेल्या. दुसरीकडे याच मुंग्या खवले किडीला जपतात, मोहोरावरच्या माश्यांना पळवतात आणि झेला (आंबे तोडायची जाळीची काठी) घेऊन चढलेल्या गड्याला असं चावतात की तो पुन्हा त्या कलमावर चढायला तयार होत नाही.

ठरवण्याआधी आपल्या बागेत त्यांची वसाहत किती कलमांवर आहे ते काढा. एका वसाहतीत राणी एक आणि घरटी अनेक, अनेकदा शेजारच्या चार-पाच कलमांवर पसरलेली. सीमा शोधायची तर एका कलमावरच्या आठ-दहा मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या कलमाच्या फांदीवर सोडा. मिशांनी एकमेकींना चाचपून पुढे गेल्या तर वसाहत एकच. एकमेकींचे पाय जबड्यात धरून ओढाओढ सुरू झाली तर सीमा मधे कुठेतरी आहे. बागेत ओंबील ‘टिकत नाहीत’ याचं मोठं कारण हेच असतं: वेगवेगळ्या वसाहतींची घरटी आणून एकाच कलमावर बांधलेली, आणि त्यांनी एकमेकींचा फडशा पाडलेला. घरटी आणायचीच तर एकाच वसाहतीची, राणीच्या घरट्यासकट आणा. राणी सहसा उंचावरच्या घरट्यात असते, खालची दोन-तीन घरटी तोडून काम होत नाही. नंतर त्या वसाहतीची कलमं काथ्याच्या दोरीने फांदीला फांदी जोडून द्या, म्हणजे जमिनीवर उतरावं लागत नाही आणि खालच्या काळ्या मुंग्यांशी गाठ पडत नाही.

मधला मार्ग असा: गडग्यालगतच्या कलमांवर ठेवा, मोहोर आणि तोडणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या मधल्या कलमांवर नको. मधल्या कलमांच्या फांद्या शेजाऱ्यांना टेकत असतील तर छाटून वाट बंद करा आणि बुंध्याला पट्टी बांधा. ही वाटणी मात्र आधी खवले कीड मोजून करा. कडेच्या कलमावर ती आधीच भरपूर असेल तर तिथे मुंग्या ठेवणं म्हणजे किडीला राखणदार देणं.

माश्यांचं काम जाळीतून मोजणं

आंब्याच्या मोहोरात नर फुलं आणि उभयलिंगी फुलं एकत्र असतात, आणि हापूसमध्ये उभयलिंगीचं प्रमाण कमी. फळ धरतं ते त्यांच्यातच. भिंगातून बघा: मधल्या चकतीवर पिवळसर हिरवा गोल दाणा आणि बाजूला स्त्रीकेसराचा तिरका दांडा असेल तर उभयलिंगी, नुसता गुलाबी-जांभळ्या टोकाचा एक पुंकेसर असेल तर नर. प्रत्येक खुणावलेल्या मोहोरावर फुलं उमलायला लागली की शंभर फुलं बघून उभयलिंगी किती ते लिहा. हे न करता नुसत्या धरलेल्या कण्या (नुकती धरलेली बारीक फळं) मोजल्या, तर कमी फळाचं खापर माश्यांवर फुटतं आणि मुळात त्या मोहोरात उभयलिंगी फुलंच कमी असतात.

लाल लोकरीच्या मोहोरावर फुलं उमलण्याआधी मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा. आत तारेच्या दोन कड्या घाला म्हणजे कापड फुलांना टेकणार नाही. पिशवी बांधण्याआधी मोहोर ताटावर झटकून तुडतुडे काढून टाका. हे विसरलात तर आत अडकलेले तुडतुडे कोळी आणि ढालकिड्यांच्या पोहोचेपलीकडे सुरक्षित राहतात, फुगतात, आणि मोहोर जळतो. मग ‘माश्या नाहीत म्हणून फळ नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी अडचण दमटपणाची. दाट कापडात दव साचतं आणि भुरी धरते. म्हणून मलमल, जुनी साडी चालत नाही, जाळीच हवी. तरीही पिशवीतल्या मोहोरावर भुरी दिसली तर तो मोहोर मोजणीतून बाद.

उघड्या मोहोरांवर सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान, पराग मोकळा होत असताना, दहा-दहा मिनिटं बसा. कोण आलं ते ढोबळ गटांत लिहा: चमकत्या निळ्या-हिरव्या माश्या, घरमाश्या, पिवळ्या पट्ट्यांच्या फुलमाश्या, सातेरी आणि फुलोरी मधमाश्या, बारीक काळ्या डंखरहित मधमाश्या, मुंग्या. फुलावर नुसतं बसणं आणि पुंकेसर व दांडा दोन्हींना अंग लागणं यांत फरक करा. मुंग्या फुलात हिंडतात, पण परागीभवनाच्या कामी फारशा येत नाहीत. आंब्याकडे येणाऱ्यांत माश्यांचा वाटा मोठा, आणि माश्यांची पैदास शेणात, कुजक्यात, मेलेल्या प्राण्यांत होते. म्हणून कलमाच्या शंभर-दीडशे पावलांत गोठा, खताचा ढीग किंवा मासळी सुकवायची जागा आहे का, तेही लिहा. फुलमाशीची अळी तर मावा खाते, म्हणजे तीच जात दोनदा कामाची.

पिशव्या फुलं गळून गेल्यावर काढा. कणी, वाटाणा आणि गोटी अशा तीन अवस्थांत फळं मोजा. कणीच्या वेळी मोठा दिसणारा फरक वाटाण्यापर्यंत बराच कमी होऊ शकतो, कारण झाड जास्तीची फळं स्वतःच गाळतं. उरलेल्या फळांत रसासाठी स्पर्धा असते. बागेतली स्पर्धा दिसते ती बहुतेक अशीच, गळालेल्या कण्यांच्या रूपाने.

ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांच्या नोंदीत त्याचा परिणाम लगेच दिसतो. कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक पहिली फवारणी मोहोर फुलण्याच्या आधी सांगतं, ते यासाठीही.

फळमाशी: बादलीची चाचणी

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा हेक्टरी चार, हे बहुतेकांना माहीत आहे. सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल फक्त नरांना ओढतं. त्यामुळे सापळ्यात शेकडो माश्या म्हणजे शेकडो फळं किडली असं नाही, आणि सापळा रिकामा म्हणजे माद्या नाहीत असंही नाही.

फळमाशीवर कोण जगतं ते बघायचं तर बादलीत दोन इंच ओलसर वाळू घाला, वर दहा-बारा गळलेले किडके आंबे ठेवा, तोंडाला दाट कापड बांधा आणि बादली सावलीत ठेवा. अळ्या वाळूत उतरून कोष करतात. आठवडाभराने आंबे काढून वाळू चाळा, कोष बाटलीत ठेवा. त्यांतून फळमाश्या बाहेर येतील. बागेत फळमाशीच्या अळ्यांवर वाढणारे परोपजीवी कीटक असतील तर काही कोषांतून बारीक, लांब मिशांच्या गांधीलमाश्या निघतील. शंभर कोषांत त्या किती निघाल्या हा आपल्या बागेचा आकडा. वाळू कोरडी पडली की कोष सुकतात, ओली गच्च झाली की बुरशी धरते. मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि पाणी गळू नये, इतपत ओल ठेवा.

गांधीलमाश्या निघाल्या तर गळलेले आंबे सरसकट पुरू नका. ते ड्रममध्ये टाका आणि तोंडाला अशी जाळी लावा की बारीक गांधीलमाशी निसटेल आणि फळमाशी अडेल. जाळीचं माप बाटलीत निघालेल्या दोघींवर लावून ठरवा. एकही निघाली नाही तर दोन फूट खोल पुरा. कातळावर दोन फूट खणणं जमत नाही तिथे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून पंधरा दिवस भर उन्हात ठेवा. पिशवीला एक भोक असलं तरी मेहनत वाया.

बांडगूळ

हे काम शेवटी, तोडणी संपल्यावर, पावसाच्या आधी. बांडगूळ स्वतःच्या हिरव्या पानांत अन्न करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. म्हणजे अर्धपरजीवी. त्याची फळं फुलटोच्या खातो. बी चिकट असतं, पक्ष्याच्या शेपटीपाशी लोंबतं आणि तो ते फांदीला घासून सोडवतो. म्हणून बांडगूळ बागेत सारखं पसरत नाही. पक्षी जिथे पुन्हा पुन्हा बसतो तिथे त्याचे पुंजके होतात. कलमांचा नकाशा काढून त्यावर पुंजके मांडले, की बहुतेक वेळा एखादं रायवळ (बियांपासून वाढलेलं आंब्याचं झाड) किंवा गडग्यापलीकडचं झाड केंद्रस्थानी सापडतं. ते झाड तसंच ठेवून कलमं साफ केली, तर चार वर्षांनी पुन्हा तेच काम.

आधी ओळख पक्की करा. खोडावरची नेची, शेवाळ, सीतेच्या वेणीसारखी ऑर्किडं परजीवी नव्हेत. त्यांची मुळं सालीच्या वरच फिरतात, फांदी फुगत नाही, हलक्या हाताने ओढलं तर साल अखंड राहते. ही खरवडून काढायची गरज नाही. बांडगुळाच्या जोडापाशी मात्र फांदीला लाकडी गाठ आलेली असते आणि गाठीच्या पुढचं टोक रोडावलेलं दिसतं.

नुसती पानं ओरबाडली किंवा बांडगूळ जोडापाशी कापलं, तर फांदीत शिरलेल्या भागातून आणि सालीवरून धावणाऱ्या मुळांतून नवे कोंब येतात, आधीपेक्षा जास्त. बारीक फांदी असेल तर गाठीच्या निदान एक फूट खाली, बुंध्याच्या बाजूला, कापून टाका. सालीवर मुळं पुढे गेलेली दिसली तर ती संपतात तिथून आणखी एक फूट. जाड फांदी गमवायची नसेल तर गाठ पटाशीने लाकूड दिसेपर्यंत तासा आणि बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी भांड्यात मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि पेस्ट निकामी होते.

राईतलं, देवळामागचं बांडगूळ मात्र संपवायला जाऊ नका. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात, फुलटोच्या आणि शिंजीर त्याच्या फुलांवर येतात. बागेच्या हद्दीपासून पाच-सहा झाडांच्या पट्ट्यापुरतंच साफ करा. तोडलेलं बांडगूळ शेळ्यांना घाला. पाला आवडीने खातात.